हुंगलेली पत्री

स्त्रीशिक्षणाविषयी काहीतरी लिहा, असा संपादकांचा आग्रह आहे. त्या विषयावर सभेत टाळ्या घेणारी मंडळी मुंबईत पैशाला पासरी मिळतील. त्यांनी खुशाल लिहावं. मी गिरगावातल्या मुलींच्या शाळेत उभा जन्म काढला. मुलींना वाचायला, लिहायला, शिवायला माझ्यासारख्या पुष्कळजणींनी शिकवलं. मी त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली. गावाबाहेर जायचं, एका जागी उभं राहायचं आणि समोरच्या झाडाकडे बघायचं. ही काय शिकवायची गोष्ट आहे, असं तुम्ही म्हणाल. तेव्हाही लोक म्हणाले. त्यांना मी जे उत्तर दिलं तेच तुम्हाला देते: एकदा करून बघा, जमतं का.

प्लेग येण्याच्या आधीची ही वर्षं. गिरगावातल्या मुलीला घर ठाऊक, शाळा ठाऊक, फार तर देऊळ आणि आत्याकडचं हळदीकुंकू. वाचनाच्या पुस्तकात सुगरण पक्ष्याच्या घरट्यावर एक धडा होता. तो मी मोठ्या रंगात येऊन शिकवला. धडा संपल्यावर एका चुणचुणीत मुलीने हात वर केला आणि विचारलं, “बाई, ही सुगरण कुठल्या वाडीत राहते?” बाकीच्या मुली हसल्या नाहीत. त्यांनाही तेच विचारायचं होतं. त्या दिवशी घरी जाताना मला स्वतःचाच फार राग आला. दादरच्या शेतांत शिंदीच्या झाडांवर सुगरणींची शेकडो घरटी लोंबत होती, आणि आम्ही गिरगावात बसून त्यांची चित्रं गिरवत होतो.

मी आमच्या शाळेच्या सेक्रेटरींकडे गेले. ते वकील होते, पागोटं घातल्याशिवाय विचार करत नसत. मी म्हटलं, श्रावणी सोमवारी शाळा अर्धा दिवसच असते, उरलेल्या अर्ध्या दिवसात मी वरच्या वर्गाच्या मुलींना दादर-माहीमकडे नेते. त्यांनी पागोटं चढवलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं.

“अभ्यासक्रमात आहे का हे?”

“सुगरण आहे.”

“हं. न्या. पण बाई, एक लक्षात ठेवा. एक तक्रार आली की सहली बंद. आणि तक्रार घरच्या बायकांकडून आली तर मी वकील असून काही करू शकणार नाही.”

ते अक्षरशः खरं बोलले, हे मला पुढे कळलं.

आता या धंद्याची थोडी माहिती देते, कारण बाहेरच्यांना वाटतं की मुली घेतल्या आणि निघालं. पहिली अडचण पायांची. वहाणा घालणाऱ्या मुली थोड्या, आणि श्रावणातल्या बांधावरून अनवाणी चालायची सवय एकीलाही नाही. दुसरी अडचण कपड्यांची. मोठ्या मुली लुगड्यात, लहान परकरात. पण आईने नवंकोरं नेसवून पाठवलेलं असायचं, जणू लग्नालाच चालल्यात. चिखलाचा एक थेंब उडाला की मुलगी तिथेच रडायला बसे. मी घरोघर जाऊन सांगितलं की जुनेरं द्या. पुष्कळ आयांना तो अपमान वाटला. आमच्याकडे नवं नाही असं लोक म्हणतील, म्हणाल्या.

तिसरी अडचण कुणाच्या ध्यानातही येणार नाही. ती पैंजणांची. वाळे, तोडे, पैंजण, छुमछुम करत वीस मुली शेतात शिरल्या की कोसभर अंतरावरचा बगळासुद्धा उठून जातो. पहिल्या सहलीत आम्हाला चिखल आणि शेतकरी सोडून काहीही दिसलं नाही. पैंजण घरी काढून ठेवा म्हणावं, तर कुमारिकेचे पाय मोकळे बघून कोण गहजब होईल, आणि नव्या लग्न झालेल्या मुलीचे तर विचारूच नका. शेवटी मला युक्ती सुचली. दादर स्टेशनच्या बाहेर पडलो की सगळ्या मुली बांधावर बसत आणि मी पिशवीतून आणलेल्या चिंध्या पैंजणांना गुंडाळून बांधत असे. पाय दुखावल्यासारखी वीस पोरींची ती रांग बघून एका गाडीवानाने विचारलं होतं, “कुठल्या लढाईवरून आल्या, बाई?” पण त्याच दिवशी आम्ही लाजरी पाणकोंबडी पिल्लांसकट बघितली. मुलींनी श्वास रोखून धरला होता. ती शांतता मला आजही आठवते, कारण माझ्या वर्गात मला ती कधी मिळाली नाही.

सुगरणींची घरटीही दिसली. धड्यातल्या चित्रात पक्षी मोठ्या शहाणपणाने विणताना दाखवला होता. प्रत्यक्षात नर विणतो, मादी येऊन आत डोकावते, पसंत पडलं नाही तर तोंड फिरवून निघून जाते, आणि तो बिचारा पुन्हा दुसरं विणायला घेतो. हे बघून मुलींना इतका आनंद झाला की मला त्यांना गप्प करावं लागलं. घरी जाऊन त्यांनी वडिलांना काय सांगितलं असेल ते असो. पुढच्या आठवड्यात दोन वडील मला भेटायला आले आणि अभ्यासक्रमाची चौकशी करून गेले.

एक प्रसंग परळचा. तिथल्या तळ्याच्या काठाने चाललो होतो. एका श्रीमंत घरच्या मुलीबरोबर तिच्या वडिलांनी छत्री धरायला गडी पाठवला होता. वाटेवर भलीमोठी धामण आडवी पडलेली. गड्याने छत्री टाकली आणि धोंडा उचलला. मी धामणीच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. धैर्य वगैरे काही नव्हतं. धामण विषारी नसते हे मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं, एवढाच फरक. “टाक तो धोंडा,” मी ओरडले. धामणीने आम्हा दोघांकडेही लक्ष दिलं नाही. ती सावकाश गवतात शिरली. पण नागपंचमी दोनच दिवसांवर होती. गिरगावात पोचेपर्यंत त्या धामणीचा नाग झाला होता, आणि संध्याकाळी आमच्या चाळीत मी ऐकलं की खुद्द नागोबाने फणा काढून मुलींना दर्शन दिलं. मी खुलासा केला नाही. सहलींची पत त्या आठवड्यात अशी वाढली की सेक्रेटरींच्या पत्नीनेही माझी विचारपूस केली.

अशा रीतीने पहिला श्रावण निभावला. दुसऱ्या श्रावणात वेणू माझ्या वर्गात आली.

वेणू अकरा वर्षांची होती. त्याच वैशाखात तिचं लग्न झालं होतं आणि ती आमच्या शेजारच्या वाडीत सासरी राहत होती. नवरा कॉलेजात. बायको शाळेत गेली पाहिजे हा त्याचा हट्ट, आणि एकुलत्या एका मुलाच्या हट्टापुढे त्याच्या आईने मान तुकवली होती. मान तुकवली होती, मन नव्हे. त्या आईला सगळी वाडी द्वारकाकाकू म्हणे. गुहागरकडच्या. उंच, सडसडीत, सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत कडक, आणि बोलणं सुरीसारखं. लग्न होऊन मुंबईत आल्यापासून वाडीच्या बाहेर त्या देवळापलीकडे गेल्या नव्हत्या. वेणू हुशार होती आणि प्रश्न विचारून भंडावून सोडायची. मला ती फार आवडायची, हे लपवायचं कारण नाही.

सहलीचं नाव काढताच द्वारकाकाकूंनी नाही म्हटलं. मी त्यांच्या घरी गेले.

“काकू, वेणूला सोमवारी पाठवा.”

“शाळेत पाठवत्ये ती पुरे नाही झाली का? सुनांनी रानं हिंडायची आमच्यात रीत नाही.”

मी बेत करून गेले होते. पुढच्या मंगळवारी त्यांच्या घरी वेणूची पहिली मंगळागौर होती. मंगळागौरीला सोळा प्रकारची पत्री लागते: आघाडा, डोरली, माका, रुई, शमी, बेल अशी. गिरगावात ती विकत मिळते, पण काकूंना विकतची पत्री ही मोठी खंत होती. कोकणात त्यांच्या माहेरी बायका पहाटे परसात जाऊन स्वतःच्या हाताने पत्री खुडत. देवीला बाजारातलं वाहायचं म्हणजे त्यांना उसनं तोंड घेऊन आरशात बघितल्यासारखं वाटे. हे साऱ्या वाडीला माहीत होतं.

“काकू,” मी म्हटलं, “मंगळवारची पत्री सोमवारी वेणू स्वतःच्या हाताने खुडून आणेल. सोळाच्या सोळा. मी दाखवेन.”

काकूंचा चेहरा बदलला.

“ताजी आणाल? नीट, देवाची म्हणून?”

“हो.”

“बघा हां बाई. बोलल्यात. यात काही उणं झालं तर पोर शाळेतही येणार नाही.”

मी आनंदाने घरी आले. सेक्रेटरी म्हणाले होते एक तक्रार. माझ्या मते मी आता त्या तक्रारीचं मूळच उपटलं होतं.

सोमवारी माहीमच्या वाडीत आम्ही गेलो. पत्री गोळा करता करता मी मुलींना माझा आवडता खेळ दिला. एकीचे डोळे पदराने बांधायचे, दुसरीने एक पान चुरडून तिच्या नाकाशी धरायचं, आणि तिने झाडाचं नाव सांगायचं. पान ओळखायला याहून चांगली रीत मला आजही माहीत नाही. डोळा फसतो, कितीतरी पानं एकासारखी एक असतात. नाक सहसा फसत नाही. मुली त्या खेळाने वेड्या झाल्या. वेणू सगळ्यांत पुढे होती. मरव्याला ती क्षणात ओळखायची आणि मग पान सोडायला तयार नसायची.

आता तुमच्यापैकी ज्यांच्या घरी देव आहेत त्यांच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. शाळेची मास्तरीण असले तरी मीही देव असलेल्या घरात वाढले होते. लहानपणी फूल नाकाशी नेलं म्हणून माझ्याच आईने माझ्या हातावर चापट मारली होती. पण वनस्पतिशास्त्राचं पुस्तक हातात आलं आणि ती चापट मी साफ विसरले. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. पानही नाही.

दिवेलागणीला दार वाजलं. द्वारकाकाकू स्वतः आल्या होत्या. मागे वेणू, रडून रडून तोंड सुजलेलं. काकूंच्या हातात पत्रीची टोपली होती आणि ती त्यांनी अंगापासून लांब धरली होती.

“बाई, ही पत्री पोरींनी हुंगल्ये?”

मी वेणूकडे बघितलं. ती खोटं बोलली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण बोलली नव्हती, आणि खोटं बोलायला मीच शिकवलं नव्हतं.

“चुरडलेली पानं हुंगली, काकू. ती तिथेच टाकून दिली. टोपलीतली वेगळी आहेत.”

“सगळी?”

वेणू हुंदका देत म्हणाली, “येताना गाडीत मी टोपलीतला मरवा हुंगला. दोनदा.”

“ऐका,” काकू म्हणाल्या. “आणि दुसऱ्या पोरींनी काय काय हुंगलं ते कोण सांगणार? मनात शंका आली की पूजा गेली. पहिली मंगळागौर आहे पोरीची. उद्या सकाळी वसोळ्या येतील पूजेला बसायला, आणि मी देवीपुढे उष्टी पत्री ठेवू?” वसोळ्या म्हणजे पूजेला बोलावलेल्या नव्या लग्न झालेल्या मुली. “तुमच्या शब्दावर पाठवली होती मी हिला. आता तुमच्या शाळेची पायरी नको.”

मी घाबरले, हे कबूल. पण घाबरले की माझी जीभ सरळ चालते, हा माझा जुना स्वभाव आहे.

“काकू, पूजा उद्या सकाळी. रात्री पान खुडायचं नाही, ते मला माहीत आहे. पण पहाटे उजाडलं की मी माहीमला जाते आणि पूजेच्या आत सोळाही घेऊन येते. तुमच्या दारात आणून ठेवते.”

“आणि ती कुणी हुंगली नाही याचा पुरावा?”

“पुरावा कुठून आणू? तुम्हीच चला.”

हे मी रागाने बोलले होते. काकूंनी टोपली खाली ठेवली. त्यांनी वेणूकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“चला,” त्या म्हणाल्या. “पहाटे आंघोळ करून तयार असत्ये.”

काकू सोवळ्यात होत्या, म्हणजे आगगाडीचा प्रश्नच नव्हता. तिथे कोण कुणाला शिवेल ते देवालाही सांगता येत नाही. मी घोडागाडी ठरवली. काकूंनी बैठकीवर धाबळी अंथरली, म्हणजे लोकरीचं सोवळ्याचं वस्त्र, आणि त्यावर ताठ बसल्या. गाडीवानाला म्हणाल्या, “मागे वळून बोलू नको हो, थुंकी उडते.” भायखळा, लालबाग, परळ मागे पडलं तरी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मी मनातल्या मनात सेक्रेटरींना काय सांगायचं ते जुळवत होते.

आज जिथे रस्ते आखून मैदानं केली आहेत, तिथे तेव्हा भात होतं, आणि भातापलीकडे माडांच्या वाड्या थेट समुद्रापर्यंत. आम्ही उतरलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. कुठेतरी दयाळ पक्षी गात होता. काकू गाडीतून उतरल्या आणि तिथेच थांबल्या. मला वाटलं पायाला चिखल लागला म्हणून. पण त्यांनी पदराचा शेव नाकावरून घेऊन मागे घट्ट खोचला, नैवेद्याचा स्वयंपाक करताना काही बायका तोंड बांधतात तसा. चुकूनही वास घ्यायचा नाही म्हणून. मग ओचा आवरला आणि चालू लागल्या.

मुलींना मी वर्षभर शिकवत होते की सावकाश चाला, खाली बघा. काकूंना काही शिकवावं लागलं नाही. बांधावर पाय टाकल्याबरोबर त्यांची चालच बदलली. वाडीतली ताठ बाई जाऊन कुणी वेगळीच बाई माझ्या पुढे चालली होती. आघाडा त्यांना आधी दिसला, डोरली मला. माका चिखलाच्या कडेला असतो असं मी म्हणायच्या आत त्या खाली वाकल्या होत्या. विष्णुक्रांतेची इवलीशी निळी फुलं गवतात मी कधीच इतक्या चटकन शोधली नसती. रुई आणि शमी मात्र कुठे आहेत ते मला ठाऊक होतं. आम्ही दोघी न बोलता, एकमेकींना हाताने दाखवत, पान पान टोपलीत टाकत गेलो. इतक्यात पुढच्या कुंपणातून एक भारद्वाज निघाला, तांबडे पंख, लाल डोळा, आणि आपल्याच रुबाबात आमच्या वाटेवरून पलीकडे गेला.

“शकुन झाला,” नाक बांधलेल्या काकू पदरातूनच पुटपुटल्या. आणि मग, जरा वेळाने, “केवढा मोठा असतो हो. मी विसरल्येच होते.”

पंधरा झाली. सोळावा मरवा. मरवा रानात नसतो, लावावा लागतो. माहीमच्या वाडीत जानकी नावाची एक माळीण होती. तिच्याकडे मरव्याचे वाफे होते आणि मुलींना घेऊन मी नेहमी तिथे जात असे.

“काय गो बाय, आज पोरी कुठं?” ती म्हणाली. मग काकूंकडे बघून, “आणि ह्या कोण? नाक दुखते काय?”

“पूजेची पत्री आहे,” मी घाईने म्हटलं. “मरवा हवाय.”

“तोडा की. तुमच्या हातानं तोडा.”

काकू वाफ्याशी वाकल्या. हात पुढे केला आणि थांबल्या. “हा कुणी हुंगला नाही ना?”

जानकी खळखळून हसली. “कुणी म्हणजे? मी रोज हुंगते. सकाळी पाणी घालाया येते नि पयलं नाक घालते त्याच्यात. त्याच्यापायीच तर लावलाय.”

ऊन वर येत होतं. गिरगावात वसोळ्या आंघोळी करून निघाल्या असतील. मुंबईत न हुंगलेला मरवा आता मी कुठून पैदा करू? जानकीची जीभ हासडून टाकावी असं वाटलं. पण मी गप्प राहिले, कारण त्या क्षणी मी एक शब्द बोलले असते तर काकूंनी टोपली तिथेच उपडी केली असती.

काकू वाकलेल्याच होत्या. वाफ्यावर दोन मधमाश्या फिरत होत्या. एक मरव्याच्या तुऱ्यावर बसली, आत शिरली, बाहेर आली, दुसऱ्यावर गेली. काकू तिच्याकडे बघत होत्या.

“झाडावरचं हुंगणं देवाला लागत नाही,” शेवटी त्या म्हणाल्या. “नाहीतर माशी बसलेलं एक फूल देवाला चाललं नसतं.” आणि त्यांनी मरवा खुडला.

माझ्यात इतका हुरूप आला की मला गप्प बसवेना. “मग काकू, मुलींनी झाडावरचं हुंगलं तर चालेल?”

“मुली माश्या आहेत का?” त्या कडाडल्या. पण मी शपथेवर सांगते, पदराच्या आड त्या हसत होत्या. “वात्रट मेली,” त्या म्हणाल्या. त्या वयात मला कुणी मेली म्हटलं, आणि इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

पूजा वेळेवर झाली. मला संध्याकाळी हळदीकुंकवाला बोलावणं होतं, म्हणून मी गेले. देवीपुढे पत्रीचा हिरवा ढीग होता. वेणू नऊवारीत बाहुलीसारखी बसली होती आणि झोपेने पेंगत होती. काकूंनी मला कुंकू लावलं, ओटी भरली, आणि शाळेविषयी अवाक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही. बुधवारी वेणू शाळेत आली नाही. गुरुवारीही नाही. मंगळागौरीचं जागरण झालंय, दमली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. शुक्रवारी सेक्रेटरींनी बोलावून विचारलं की माहीमच्या सहलीत पत्रीचा काही घोटाळा झाला असं त्यांच्या घरी बोलणं चाललंय, ते खरं का? मी म्हटलं, सोमवारी सांगते. ते म्हणाले, सोमवारच्या सहलीविषयी आधी त्या घरचं मत कळू दे. पागोटं त्यांच्या डोक्यावरच होतं.

आज दादरला जाते तेव्हा ती शिंदीची झाडं दिसत नाहीत. घरं झाली, बरी झाली. माणसांना राहायला जागा हवी. माहीमच्या वाड्यांतून रस्ता गेला, जानकीचा वाफा त्याखाली आहे. त्याआधी प्लेग आला आणि गिरगावातल्या वाड्याच्या वाड्या ओस पडल्या. त्याबद्दल मी लिहिणार नाही, दुसऱ्या कुणी लिहावं. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची नात परवा मला सांगत होती की तिच्या वर्गात निसर्गवाचन नावाचा तास आहे. बाहेर नेतात का, मी विचारलं. नाही, चित्रं दाखवतात, म्हणाली. तिच्या हातावर मी खिडकीतल्या कुंडीतली तुळस चुरडून ठेवली.

तर तो सोमवार. शाळा सुटल्यावर मुली अंगणात उभ्या, चिंध्यांची पिशवी माझ्या हातात, आणि मी सेक्रेटरींना काय सांगावं या विचारात. फाटकातून वेणू आत आली. तिच्या मागे द्वारकाकाकू. काकूंच्या दोन्ही हातांत टोपल्या होत्या. सेक्रेटरी ओसरीवर उभे होते. काकूंनी पदर सारखा केला आणि त्यांच्याकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मला म्हणाल्या:

“ही टोपली देवीची. हिच्यात हात घालण्याआधी प्रत्येक पोरीने हात धुवायचे, आणि हिच्याशी कुणी नाक न्यायचं नाही. ही दुसरी नाकाची. हिच्यातलं खुशाल हुंगा. मिसळ झाली तर मात्र बघा.”

सेक्रेटरींनी पागोटं काढलं आणि आत गेले.

त्या दिवशी आम्ही आगगाडीने गेलो. काकू सोवळ्यात नव्हत्या. पूजेची पत्री खुडायला उद्या पहाटे पुन्हा यायचं, आज पोरींना देवीच्या टोपलीची नुसती सवय लावायची, असं त्यांनीच ठरवलं होतं. स्टेशनबाहेर बांधावर बसून मी मुलींच्या पैंजणांना चिंध्या बांधल्या. काकूंनी पाय पुढे केले. जोडव्यांनाही चिंधी बांधून घेतली, जोडवी वाजत नसतात तरी.

जानकीच्या वाडीत आम्ही खेळायला बसलो. पहिली कोण, मी विचारलं. मुली ओरडायला लागल्या. काकूंनी स्वतःचाच पदर डोळ्यांवरून घेऊन मागे बांधला, मागच्या मंगळवारी नाकावर बांधला होता तसा घट्ट, आणि बांधावर बसून हात पुढे केला.

“द्या, काय ते.”

वेणूने नाकाच्या टोपलीतून मरव्याचा तुरा उचलला, दोन बोटांत चुरडला आणि सासूच्या हातावर ठेवला. काकूंनी तो नाकाशी नेला. मुली वाट बघत राहिल्या. मी वाट बघत राहिले. काकूंचे खांदे हळूहळू सैल झाले.

“सासूबाई, नाव सांगा ना,” वेणू म्हणाली. “नाही ओळखलंत?”

“ओळखलंय गो केव्हाच,” काकू म्हणाल्या. “पण नाव सांगितलं की तू काढून घेशील. राहू दे घटकाभर.”